मंडळी सोडून गेली

रविवारी इस्त्रीखोलीत वाफ नसते, आणि वाफ नसली की ती खोली मिशी काढलेल्या माणसासारखी दिसते. ओळखीची, पण काहीतरी हरवलेली. आठवडाभर जिथं हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टेबलक्लॉथ अंगातलं पाणी सोडत पडलेले असायचे, त्या लांबलचक टेबलांवर आज ताटं मांडली होती. चर्चच्या हॉलचं छप्पर उघडून ठेवलेलं, दुरुस्ती काही संपत नव्हती, म्हणून यंदाचं प्रीतिभोजन दादानं आपल्या लाँड्रीत ठेवलं. प्रीतिभोजन म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवायचं. त्यात प्रीती किती आणि भोजन किती, हा हिशोब कुणी करत नाही, आणि तेच बरं.

आक्कानं शेवटच्या टेबलावरची चादर तळहातानं सारखी केली. चादर सारखीच होती. हाताला काहीतरी काम हवं होतं.

कारण धाकटा आला होता.

सकाळी उपासनेला आला होता, शेवटच्या बाकावर बसला होता, एकही गीत गायला नव्हता, पण आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि आता इथं, दाराजवळच्या स्टुलावर, हाताची घडी घालून बसला होता. तो बसलेला होता तोवर आक्काचं जग जागेवर होतं. तो उठला, की संपलं. एकदा ज्याला आपण जाऊ दिलं तो परत आला होता. दुसऱ्यांदा गेला तर कोण येतंय? आक्काला पक्कं ठाऊक होतं, त्याला उठवायला एक वाक्य पुरेल. आणि दादाकडे वाक्यांची टंचाई कधीच नव्हती.

आक्काचे हे दोघे भाऊ एकाच छपराखाली काम करत. दादा वर काचेच्या ऑफिसात, धाकटा खाली बॉयलरपाशी. धाकट्याची बायको घर सोडून गेली, पुढे कागदावरही सुटका झाली, तेव्हा दादा मंडळीचा मुख्य पंच होता. पंच बसले, शास्त्र उघडलं, बंद केलं, आणि धाकट्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या पंगतीपासून, दूर ठेवायचं ठरवलं. "तूर्त" असा शब्द घातला होता. तूर्ताला मिशा फुटल्या, त्या पिकल्या, तरी तूर्त संपेना. धाकट्यानं त्या दिवसापासून चर्चकडे पाठ फिरवली आणि सख्ख्या भावाशी एक अक्षर बोलला नाही.

बोलत ते आक्कामार्फत.

दादा वरून म्हणे, "आक्का, त्याला सांग, पहाटेपासून बॉयलर पेटवायला डिझेल काय फुकट वाहतंय?"

आक्का जिना उतरून सांगे, "छोट्या, दादा म्हणतोय, झोप पुरी करत जा रे. एवढ्या पहाटे कशाला येतोस?"

धाकटा म्हणे, "त्याला सांग, बॉयलर तापायला वेळ लागतो. त्याच्या डोक्यासारखा लगेच नाही तापत."

आक्का जिना चढून सांगे, "तो म्हणतोय, बॉयलरची काळजी करू नकोस. मी आहे."

असं तिनं केसांना पांढरा रंग चढेपर्यंत केलं. कपड्याला इस्त्री करायच्या आधी पाणी शिंपडतात, तसं ती दोघांच्या बोलण्यावर शिंपडायची आणि मग फिरवायची. दोघांनाही वाटे, दुसरा तितका वाईट नाही. तेवढ्यावर लाँड्री चालली, घर चाललं.

आणि आजचा योग जुळून आला तो लिफ्टवाल्यामुळे.

लिफ्टवाला म्हणजे इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लाँड्रीतली मालाची लिफ्टही तोच बघायचा. उंच, वाकलेला, बोटांच्या पेरांत कायमचं ग्रीस. बोलायचं नाव नाही. काही आठवड्यांपूर्वी तो उपासनेला येऊन बसू लागला. शेजारी कुणी बसायचं नाही, तोही कुणाशेजारी बसायचा नाही. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला प्रार्थनेसाठी काही सांगायचं आहे?" आणि हा उठला. सगळ्यांनी माना वळवल्या. तो म्हणाला, "माझी मंडळी मला सोडून गेली. परत यावी, एवढी प्रार्थना करा." आणि खाली बसला.

आता, चर्चच्या माणसांना मंडळी म्हणजे एकच मंडळी. देवाची. दुसरा अर्थ त्यांच्या कानात शिरतच नाही.

दादाच्या अंगावर काटा आला. माणूस मंडळी सोडतो हे त्यानं ऐकलं होतं. अख्खी मंडळी माणसाला सोडून जाते, हे पहिल्यांदाच. बाजाराच्या पलीकडे दुसरं एक चर्च होतं, त्यांचं आणि यांचं आजोबांपासून वाकडं. "त्यांचंच काम," दादा घरी येऊन म्हणाला. "गरिबाला वाळीत टाकलं. दगड आहेत दगड!" आणि मग काय प्रेम उतू गेलं! कुणी डबा दिला, कुणी स्वेटर. दर रविवारी प्रार्थना. "हे प्रभू, या भावाच्या मंडळीचं मन वळव." लिफ्टवाला मोठ्यानं आमेन म्हणे. "तिच्या डोळ्यांवरची झापड काढ." आमेन. "आणि तिला चुकीच्या वाटेनं नेणाऱ्या पुढाऱ्यांचा गर्व मोड." यावर तो जरा बिचके, सासूबाईंविषयी देवापाशी इतकं कडक बोलावं का असं त्याला वाटे, पण आमेन म्हणे.

आक्कानं हे सगळं बॉयलरपाशी जाऊन सांगितलं. धाकटा हसला. बरं हसू नव्हतं ते. "टाकलेल्या माणसाला तुम्ही घेताय? तुम्ही? येतो रविवारी. बघू तरी, कसं घेतात ते."

तर तो असा बघायला आला होता. आणि सकाळी त्यानं पाहिलं, की लिफ्टवाल्याला मंडळीत घेताना दादानं वेदीसमोर त्याला मिठी मारली. खरीखुरी, पाठीवर थापा मारत. आक्कानं वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं होतं. धाकट्यानं मान खाली घातली होती, आणि ती रागानं घातलेली नव्हती.

"आक्का, स्वप्नं कसली बघताय? रस्सा गार होतोय," वहिनीनं पातेलं टेबलावर ठेवलं. वहिनी म्हणजे दादाची बायको; तिच्या हातचं खाऊन माणसं दादाचं बोलणं सहन करत. "भाऊजी, टेबलाशी या. दारात काय बसलाय, चपला राखायला ठेवलंय का तुम्हाला?"

"इथं हवा येते वहिनी."

"हवा खाऊन पोट भरत असतं तर मी पहाटे उठले नसते. ताट तिकडे आणू?"

"आणा," धाकटा म्हणाला. आणि वहिनीनं आणलं. आक्कानं डोळे मिटून देवाचे आभार मानले. माणूस ताट घेऊन बसला की सहजी उठत नाही.

सगळे बसले. लिफ्टवाल्याला दादानं आपल्या शेजारी मानाच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची ऑफिसातून खाली आणलेली, चाकांची. तो बसला की ती मागे सरके, आणि तो पायांनी तिला पुन्हा टेबलाशी ओढे. पाळकसाहेब तरुण, बारीक, चष्म्याचे. त्यांनी थोडक्यात प्रार्थना केली. थोडक्यात, कारण पुढे दादा बोलणार हे त्यांना माहीत होतं.

दादा उभा राहिला. "बंधूंनो आणि भगिनींनो! भाकरी थंड झाली तरी चालेल, पण प्रीती थंड होता कामा नये."

"भाकरी नाहीये, पाव आहे," वहिनी पुटपुटली. "आणि तो गरमच चांगला लागतो."

"आपल्यात आज एक भाऊ आलाय. त्याच्या मंडळीनं त्याला टाकलं. आम्ही घेतलं! चर्चच्या दारावर पाटी कोण नाही लावत, सर्वांचे स्वागत म्हणून? पण दार उघडं ठेवतं कोण?" दादानं लिफ्टवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. खुर्ची मागे सरकली. "सांग, भावा. घाबरू नकोस, इथं सगळी आपली माणसं आहेत. कोणत्या दोषावरून टाकलं तुला?"

लिफ्टवाल्यानं घास गिळला. इतके चेहरे एकदम आपल्याकडे बघतायत याची त्याला सवय नव्हती. "बोलत नाही म्हणून," तो म्हणाला.

"काय? प्रार्थनेत बोलत नाहीस म्हणून?"

"घरात. कुठंच. ती म्हणाली, भिंतीशी संसार केला असता तर निदान खिळा तरी ठोकता आला असता."

"ती कोण?"

"मंडळी."

दादाची भुवई वर गेली ती खाली येईना. "मंडळी असं म्हणाली? भर सभेत?"

"सभेत नाही. स्वयंपाकघरात. मग बॅग भरली आणि गेली."

"कुठं गेली?"

"माहेरी."

मग दादानं अगदी हळू आवाजात, अजून कुठेतरी आशा धरून विचारलं, "मंडळी... माहेरी गेली?"

पहिली फुटली ती वहिनी. तोंडावर पदर धरला, पण खांदे गदगदत होते. मग पलीकडच्या टेबलावर कुणीतरी, मग दुसरं कुणी. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. धाकटासुद्धा. हो, धाकटासुद्धा हसला, मोठ्यानं, आणि ते हसू आक्काच्या ओळखीचं होतं, जुनं.

लिफ्टवाला गोंधळला. "आमचे आजोबा आजीला मंडळीच म्हणायचे," तो म्हणाला. "नाव घ्यायची लाज वाटते मला. म्हणून मीही."

इथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण देवाच्या माणसांना हसू फार वेळ झेपत नाही. हसू ओसरलं आणि एकेकाचा चेहरा बदलायला लागला. आक्कानं तो बदल डोळ्यांनी पाहिला. पलीकडच्या मंडळीनं छळलेला भाऊ गेला. बायको सोडून गेलेला बाप्या उरला. ज्या बाईनं स्वेटर दिला होता तिनं आपल्या मुलीला इशाऱ्यानं दोन जागा पलीकडे सरकवलं. माणूस तोच, बोटांवरचं ग्रीस तेच, खुर्ची तीच.

दादानं खांद्यावरचा हात काढून घेतला. झटकला नाही, तेवढा तो वाईट नाही. नुसता काढला, विसरलेली वस्तू उचलावी तसा. घसा साफ केला. "हं. म्हणजे... प्रकरण वेगळं आहे. सकाळी आपण घाई केली म्हणायची. काही बिघडलं नाही. जेवून घे तू. पुढचं... पंचांपुढे ठेवू."

पंचांपुढे ठेवू. धाकट्याच्या वेळी म्हटलं होतं, अक्षर न् अक्षर तेच.

दाराशी ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. धाकटा उभा राहिला होता.

"आक्का," तो म्हणाला, "त्याला सांग, बघायचं होतं ते बघून झालं."

दादाचा चेहरा उतरला. ते त्यालाही नको होतं, हे आक्काला दिसलं. हा माणूस वाईट नव्हता, नियमांना घाबरणारा होता, आणि घाबरट माणसाच्या हातून वाईटापेक्षा जास्त नासधूस होते. "आक्का, त्याला सांग, बस म्हणावं. जेवणावरून उठू नये."

"त्याला सांग, जेवण गिळवत नाही मला इथं."

"त्याला सांग, सगळ्यांसमोर तमाशा..."

सगळी पंगत आक्काकडे बघत होती. तिनं सवयीनं तोंड उघडलं. शब्द तयार होते; पाणी शिंपडलेले, मऊ. छोट्या, दादा म्हणतोय तुझ्यावाचून घास उतरत नाही. किती सोपं होतं. आणि तो ते ऐकून निघून जाणार, कारण इतकी वर्षं मऊ शब्द ऐकून तो तसाच निघून जात होता.

"मी नाही सांगणार," आक्का म्हणाली.

"काय?" दोघे एकदम म्हणाले. एकदम, एकाच सुरात, बापाच्या आवाजात.

"नाही सांगणार. तोंडं दिलीयत देवानं दोघांना. आणि ऐकून ठेवा, आजवर मी सांगितलं त्यातलं निम्मं माझंच होतं. दादा, गेल्या वाढदिवसाला यानं तुला दीर्घायुषी हो म्हटलेलं नव्हतं. 'अजून आहे का?' म्हणाला होता."

धाकट्याचे कान लाल झाले.

"आणि छोट्या, तुला न्यूमोनिया झाला तेव्हा दादानं फळं पाठवली नव्हती. मी आणली होती. हा म्हणाला, बॉयलर कोण बघणार? पण त्या आठवड्यात हा बॉयलरपाशी खुर्ची टाकून स्वतः बसला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि तुला कळता कामा नये म्हणून मला शपथ घातली. मी कंटाळले! तुमच्या दोघांच्या शब्दांना इस्त्री करून करून माझे हात भाजले."

"आक्का, इथं परकी माणसं आहेत," दादा हळूच म्हणाला.

"परकी? आत्ता तर सगळी आपली होती!" आक्काचा आवाज चढला. "सकाळी मिठी कुणाला मारलीस रे? या माणसाला की पलीकडच्या चर्चच्या नाकावर टिच्चून? त्यांनी टाकलं म्हणून आपल्याला गोड लागला. बायकोनं टाकलं म्हटल्यावर कडू? प्रभूच्या शेवटच्या पंगतीत त्याला विकणारा बसला होता. त्यालाही प्रभूनं स्वतःच्या हातानं घास दिला. पंचांपुढे ठेवला होता का तो घास?"

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. आपण मोठ्यानं म्हणालो हे कळल्यावर दचकले, पण परत घेतलं नाही.

दादानं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. आयुष्यभर ती त्याच्या बाजूनं बोलली होती; घरात नाही तरी चारचौघांत. वहिनीनं पळी पातेल्यात ठेवली. लिफ्टवाल्याच्या ताटात रश्श्यातला सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

"बॅग तर मीही भरली होती," ती म्हणाली.

"कोणती बॅग?"

"निळी. थोरली पोटात होती तेव्हा. सासूबाई दारात आडव्या बसल्या म्हणून राहिले. नाहीतर आज तुमचंही नाव पंचांपुढे असतं."

"तू... का?"

"याची मंडळी हा बोलत नाही म्हणून गेली. मी निघाले होते ते तुम्ही थांबत नाही म्हणून." ती लिफ्टवाल्याकडे वळली. "आणि तुम्ही हो. कधी गेली ती?"

"दिवाळीला... म्हणजे, बरेच दिवस झाले."

"फोन केलात?"

"काय बोलू?"

"जेवलीस का, म्हणा. तिथून सुरुवात होते सगळ्याची. उठा. त्या लिफ्टपाशी जाऊन लावा. तिथं तरी तुमचं डोकं चालतं."

लिफ्टवाला उठला, खुर्ची मागे घरंगळत भिंतीवर आपटली, आणि तो फोन धरून मालाच्या लिफ्टकडे गेला. स्वेटरवाल्या बाईनं त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकण म्हणून ठेवलं. काही बोलली नाही. मुलीला पुन्हा आपल्या जागेवर बोलावून घेतलं.

दादा मात्र उभाच. भाषण संपलं की बसायचं असतं, हे तो विसरला होता. धाकटा दारात. एक पाय आत, एक उंबऱ्यावर. आक्का मध्ये, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे कुणाकडून कुणाकडे नेण्यासारखं काहीच नव्हतं.

मग दादा चालू लागला. टेबलांच्या मधून, वाटेतल्या माणसांना "जरा... जरा" म्हणत. दारापाशी पोचला. थांबला. तोंडातून जे निघालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं.

"ती कशी आहे?"

धाकट्याला कळेना. "कोण?"

"ती. तुझी... आपल्या घरची सून. होती ती."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. पंचांनी त्याला तेव्हा सगळं विचारलं होतं. चूक कुणाची, कारण काय, साक्षीदार आहे का, पश्चात्ताप आहे का. पण ती कशी आहे, तू कसा आहेस, हे त्या सगळ्या शहाण्या माणसांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

"बरी आहे," तो म्हणाला. "शाळेत शिकवते. गुडघा दुखतो म्हणते."

"तेलानं चोळायला सांग."

"सांगितलं."

"मी आलो होतो," दादा म्हणाला. "तेव्हा. सभा झाल्यावर. तुझ्या घरी."

"कधी आलास?"

"त्याच आठवड्यात. जिन्यापर्यंत आलो. मग..."

"जिन्यापर्यंत?" धाकट्याचा आवाज एकदम वर गेला. "जिन्याला काय वाईट वाटलं होतं? मी वर होतो! दार वर होतं!"

"तू तोंडावर दार आपटलं असतंस!"

"आपटलं असतं! मग? दुसऱ्यांदा वाजवायचं! तू थोरला ना?"

"आणि तू? तुला नाही येता येत? तुझे पाय काय बॉयलरला बांधले होते?"

"मी का यावं? दूर मला ठेवलंत!"

"तूर्त म्हटलं होतं! तूर्तचा अर्थ कळतो का तुला?"

"तूर्त? केस गेले माझे त्या तूर्तात!"

पंगतीतल्या माणसांच्या हातातले घास हातातच राहिले. पाळकसाहेब घाईघाईनं उठले, चष्मा सावरला, एक हात आशीर्वादासारखा वर केला. "बंधूंनो, शांती... आपण एक क्षण प्रार्थनेत..."

आक्कानं त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. पावाचा तुकडा त्यांच्या ताटात टाकला, आणि दिवसभरात पहिल्यांदा स्वतःचं ताट पुढ्यात ओढलं.

"जेवा साहेब, जेवा. भांडू द्या. किती वर्षांनी एकमेकांशी भांडतायत."